विहीर हलली नाही, गाव हललं

पळस्पे फाट्यावर वाढलेल्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. पनवेल सोडलं की इथं रस्त्याला दोन पाय फुटतात. एक खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या सुळक्याखालून पेणकडे आणि पुढे कोकणात उतरतो. गणपतीच्या आदल्या रात्री या दुसऱ्या पायावर चाकरमान्यांच्या गाड्यांची जी रांग लागते, ती बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून रस्ता म्हणजे आमच्याकडे कधीच न संपणारी कहाणी. पण एक खात्री असते. रस्ता खणला जाईल, खड्ड्यात जाईल. आज इथं आहे तो उद्या शंभर पावलं पूर्वेला सरकलेला सापडणार नाही. जमिनीवर एकदा रेघ ओढली की ती तिथंच राहते, ही फाट्यावरच्या माणसाची श्रद्धा.

ती मोडली माझ्या आत्यानं.

आत्याचं सासर अलिबागच्या दक्षिणेला, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर. गावाचं नाव सांगत नाही. त्या किनाऱ्यावर अशी गावं काही एकच नाही. एका हिवाळ्यात अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही पुळणीवर उतरलो. पाणी लांबवर हटलं होतं, आणि ओल्या वाळूत एक दगडी कडं उघडं पडलं होतं. करळाच्या दगडाचं, गोल, हातभर उंच. आत वाळू आणि गुडघाभर खारं पाणी. दगडांना कालवं चिकटलेली.

“हे काय गं?”

“आमच्या आजेसासूबाईंची विहीर. रहाट होता हिच्यावर. भोवती माड होते.”

“मग ही इथं समुद्रात कशी आली?”

आत्या हसली. “ती कुठं येतेय? आहे तिथंच आहे. विहीर हलली नाही बाळा, गाव हललं.”

मग ती वळली आणि उधाणाच्या रेषेच्या जरा वर पसरलेल्या वेलीकडे बोट करून म्हणाली, “आणि ही मर्यादवेल. माझं लग्न झालं तेव्हा ही तिकडे होती.” ‘तिकडे’ म्हणजे जिथं आता लाटा फुटत होत्या तिथं.

मी खाली बसून वेल पाहिली. पानं थेट आपट्याची, मधून दुभंगलेली, पण जाड आणि गुळगुळीत. फूल जांभळं, कर्ण्यासारखं. दोरी टाकावी तशी वेल वाळूवर सरळ धावत गेलेली, आणि पेरापेराला खाली मुळं. एक पेर उचलून बघितलं तर मुळांनी मूठभर वाळू घट्ट धरलेली. समुद्रानं हिच्यापुढे येऊ नये म्हणून ही मर्यादवेल, असं लहानपणी ऐकलं होतं. पण मर्यादाच जर सरकत असेल, तर ती कोण ठरवतं? समुद्र की वेल?

हा प्रश्न जगात पुष्कळांना पडला आहे. त्याचं उत्तर मिळायला कित्येक दशकं लागली. त्यासाठी एक सरोवर, एक जर्मन विहीर, काही वाकडी झाडं आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तीन बेटं कामी आली.

* * *

पहिला धागा समुद्राकाठी सापडलाच नाही. १८९० च्या दशकात शिकागो विद्यापीठातला हेन्री चँडलर काउल्स हा तरुण मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावरच्या वाळूच्या टेकड्या पुन्हा पुन्हा तुडवत होता. पाणी गोडं, पण वारा आणि वाळू समुद्रासारखीच. पाण्याकडून आत चालत गेलं की आधी उघडी वाळू, मग गवत, मग झुडपं, मग सूचिपर्णी झाडं आणि शेवटी ओकचं रान. हा क्रम त्याच्या आधी कोणी बघितला नव्हता असं नाही. पण बघणाऱ्यांना ते शेजारी शेजारी मांडलेले वाफे वाटत होते. काउल्सच्या लक्षात आलं की हे वाफे एकाच वयाचे नाहीत. हजारो वर्षांत सरोवर मागे हटत गेलं होतं आणि दर वेळी काठावर वाळूचा नवा वरंबा सोडून गेलं होतं. पाण्यालगतचा वरंबा कालचा, आतला फार जुना. म्हणजे सकाळी काठावरून निघून दुपारी ओकच्या सावलीत पोचणारा माणूस मैलभर चाललेला असतो, आणि शतकंच्या शतकंही. आज जिथं ओक आहे तिथं एके काळी गवत होतं, त्याआधी नुसती वाळू. १८९९ साली हा अभ्यास ‘बोटॅनिकल गॅझेट’मध्ये छापून आला आणि वनस्पतींच्या अनुक्रमणाचं शास्त्र त्यावर उभं राहिलं.

काउल्सनं किनाऱ्याच्या झाडांची वही उघडून दिली. पण प्रत्येक पान कशानं लिहिलं जातं, हे अजून कळायचं होतं.

दुसरा धागा पाण्याचा. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्डर्नी नावाचं एक लांबट वाळूचं बेट आहे. मुख्य भूमीला समांतर, मध्ये उथळ पाणी. अशा बेटाला भूगोलात रोधक बेट म्हणतात, कारण लाटांचा मार ते आधी स्वतःच्या अंगावर घेतं. जगात अशी दोन हजारांहून अधिक बेटं आहेत. नॉर्डर्नीला हवापालटासाठी माणसं यायची आणि त्यांना प्यायला पाणी लागायचं. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या वाळूत गोडं पाणी लागतं कसं आणि लागलं तर किती खोलवर, हे कोडं अलेक्झांडर हर्झबर्ग यानं १९०१ साली उलगडून मांडलं. त्याच्या थोडं आधी नेदरलँड्समध्ये बाडोन खायबेन याला स्वतंत्रपणे तेच सापडलं होतं. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्राच्या पातळीपेक्षा ते एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर खोल जातं. बेट रुंद असेल तर भिंग जाड, चिंचोळं असेल तर पातळ.

कोकणातल्या वाडीवाल्याला हे शास्त्र न शिकताच ठाऊक असतं. लाटांचा आवाज ऐकू येतो अशा अंतरावर विहीर खणली तरी पाणी गोडं लागतं. हावरेपणानं पंप लावला की ते मचूळ होतं. भिंग फाटलं, एवढंच. आता याच गणितात समुद्र जवळ आला असं धरा. वर काहीच बदललेलं दिसत नाही, माड उभेच असतात, पण त्यांच्या पायाखालचं भिंग पातळ होत असतं. झाड वाळतं तेव्हा लाट त्याच्यापर्यंत पोचलेलीही नसते.

तिसरा धागा मिठाचा, आणि तो सापडला चुकीच्या आरोपीला सोडून दिल्यावर. किनाऱ्यावरची झाडं समुद्राकडून जमिनीकडे चढत जातात, माळ्यानं तिरकी कात्री चालवावी तशी. याचा आळ सगळे वाऱ्यावर घेत: वारा सुकवतो, वाळूचे कण मारतो, म्हणून झाड वाकतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या बी. डब्ल्यू. वेल्स आणि आय. व्ही. शंक यांना हे पटेना. १९३७-३८ मध्ये त्यांनी खरा गुन्हेगार पुढे केला: लाट फुटते तेव्हा उडणारे खारे तुषार. वारा फक्त ते वाहून आणतो. समुद्राकडच्या कोवळ्या पालवीवर मीठ बसतं, ती जळते. आडोशाची वाढत राहते. आणि झाडाला उतार मिळतो. १९४२ मध्ये हेन्री ऑस्टिंग आणि ड्वाइट बिलिंग्ज यांनी त्याच राज्यातल्या वाळूच्या टेकड्यांवर एकेक संशयित तपासला. ओल, तापमान, मातीतलं मीठ. टेकडीच्या समुद्राकडच्या आणि आडोशाच्या अंगात एवढा फरक पडावा असं त्यांत काही निघालं नाही. हवेतून येणाऱ्या मिठाचा मात्र हिशेब जुळला.

आत्याच्या घरी जा. पश्चिमेच्या खिडकीचे गज पूर्वेच्या गजांच्या कितीतरी आधी गंजतात. ऑस्टिंग आणि बिलिंग्ज यांनी मोजलं ते हेच.

काळ, गोडं पाणी आणि खारा वारा. तिन्ही गोष्टींना किनाऱ्यापासूनचं अंतर बांधलेलं. म्हणजे किनारा सरकला की प्रत्येक झाडाचा पत्ता बदलतो, झाड जागचं न हलता. शोध इथं पुरा झाला असं वाटावं. पण ही गोष्ट अर्धीच होती, आणि उरलेली अर्धी कळायला एका बेटाला महागात पडावं लागलं.

* * *

नॉर्थ कॅरोलिनाच्या समोर रोधक बेटांची लांबलचक माळ आहे. त्यात उत्तरेला हटेरस आणि दक्षिणेला कोअर बँक्स. वाळू तीच, समुद्र तोच, वादळंही तीच. मंदीच्या काळात, १९३६ ते १९४०, बेकार हातांना काम देण्यासाठी सरकारनं हटेरस आणि त्याच्या उत्तरेच्या पट्ट्यात एक मोठी मोहीम काढली. वाळू अडवायला जवळजवळ १,००० किलोमीटर लांबीची कुंपणं घातली, गवत आणि झुडपं लावली. वाऱ्यानं आणलेली वाळू कुंपणाशी साठत गेली आणि किनाऱ्यालगत टेकड्यांची सलग भिंत उभी राहिली. भिंतीमागे शांतता आली. झुडपं वाढली, मग डांबरी रस्ता झाला, घरं झाली, पर्यटक आले. बघणाऱ्याला वाटावं, बेटाचं कल्याण झालं. कोअर बँक्सवर यातलं काही झालं नाही. तिथं पूल नव्हता आणि रस्ताही नव्हता. टेकड्या बुटक्या, विस्कळीत. प्रत्येक मोठ्या वादळात समुद्र बेट ओलांडून पलीकडच्या खाडीत जायचा आणि वाळूचा पांढरा थर मागे टाकायचा.

६ मार्च १९६२ ला एक वादळ आलं आणि जागचं हलेना. तीन दिवस, लागोपाठ पाच भरत्या. हटेरसची भिंत जागोजागी फुटली. बक्स्टन आणि ॲव्हन या गावांमध्ये तर समुद्रानं बेट कापून आरपार वाट काढली. मोहीमवाल्यांचा निष्कर्ष सरळ होता: भिंत कमी पडली, आणखी उंच बांधा. पण काही जणांना एक बारीक गोष्ट खटकत होती. भिंतीपुढची पुळण अरुंद होत चालली होती. कोअर बँक्सची पुळण शंभर मीटरहून जास्त रुंद; हटेरसची काही ठिकाणी तीस मीटरवर आलेली. व्हर्जिनिया विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ रॉबर्ट डोलन यांनी हे आकडे १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. लाटेला पसरून थकायला जागा लागते. मागे भिंत असली की ती आपटते आणि परतताना पायाची वाळू घेऊन जाते.

दरम्यान कोअर बँक्सच्या परिसराला १९६६ मध्ये राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा दर्जा मिळाला होता. तिथंही हटेरसचाच कित्ता गिरवायचा विचार होता. विस्कळीत टेकड्यांचं हे बेट ‘आजारी’ आहे आणि कुंपण-गवत हे त्याचं औषध, असं सगळे धरून चालले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल गॉडफ्री आणि त्यांच्या पत्नी मेलिंडा गॉडफ्री या बेटाचा अभ्यास करू लागले.

पहिली विसंगती गवतातच होती. समुद्र बेटावरून वाहून गेला की खाली जे काही असेल ते वाळूखाली गाडलं जातं, तेव्हा बेट उजाड व्हायला हवं. पण पुढच्या मोसमात त्याच वाळूतून हिरवे कोंब वर आलेले. ते बाहेरून आलेलं नवं गवत आहे का, हे बघायला खाली उकरलं, तर कोंब खालच्या जुन्याच गवताला जोडलेले. स्पार्टिना नावाचं हे गवत गाडलं गेलं की मरत नाही, नवी वाळू भेदून वर येतं, वरच्या थरात पुन्हा मुळं टाकतं आणि तोच थर धरून ठेवतं. प्रत्येक वादळानं बेट थोडं उंच होत होतं आणि प्रत्येक वेळी गवत त्याच्यासोबत वर चढत होतं. ज्याला सगळे जखम म्हणत होते तो बेटाचा खुराक निघाला.

दुसरा पुरावा समुद्राकडच्या पुळणीत होता, आणि मला तो वाचताना थेट आत्याच्या विहिरीचं कडं दिसलं. या बेटांच्या समुद्राकडच्या अंगाला, लाटा वाळू धुऊन नेतात तेव्हा, काळा चिवट थर उघडा पडतो. त्यात खाजणातल्या गवताची कुजलेली मुळं असतात. असं गवत फक्त बेटाच्या पाठीमागे, खाडीच्या शांत चिखलात उगवतं. खाडीचा चिखल उसळत्या समुद्राच्या तोंडाशी कसा?

उत्तर एकच संभवतं. चिखल हलला नाही, बेट हललं. समोरून समुद्र वाळू काढतो, वादळात तीच बेटावरून उचलून पाठीमागे टाकतो. मागच्या खाडीत वाळूचा उथळ पसारा तयार होतो, त्यावर खाजण रुजतं. आणखी वादळं येतात, खाजणावर वाळू चढते, तिथं गवत येतं. आणि शेवटी समोरचा किनारा मागे येत येत त्या जुन्या खाजणापर्यंत पोचतो. अंथरुणाची वळकटी पायानं ढकलत न्यावी तसं बेट स्वतःवरून लोळत जमिनीकडे येत असतं. जमिनीकडची बाजू खाली जाते, समुद्राकडची वर येते, वळकटी मात्र तेवढीच राहते. समुद्राची पातळी वाढत असताना अशी बेटं हजारो वर्षं टिकली कशी, याचं उत्तर त्यांच्या या चालण्यात होतं.

मग हटेरसची भिंत काय करत होती? ती बेटाला चालू देत नव्हती. समोरची वाळू जात होती, मागे नवी पडत नव्हती. मागच्या खाजणाला वाळू नाही, मधल्या गवताला नवा थर नाही. मीठ आणि वाळू यांची सवय असलेलं गवत हटून तिथं झुडपं दाटली. आणि भिंत फुटली की मिठाला न सरावलेली ती झुडपंच आधी जळत होती. भिंतीनं बेटाची चाल अडवलीच, पण तिच्यामागचा वनस्पतींचा समाजही बदलून टाकला होता.

गॉडफ्रींचा पहिला अहवाल १९७० मध्ये आला, पुस्तकरूपी अभ्यास १९७६ मध्ये. मधल्या काळात, १९७३ मध्ये, डोलन, गॉडफ्री आणि विल्यम ओडम यांनी मिळून माणसानं या बेटांचं काय केलं याचा ताळेबंद मांडला. सत्तरच्या दशकातच राष्ट्रीय उद्यान सेवेनं भिंत जपण्याचा हट्ट सोडायला सुरुवात केली. हटेरसचा प्रसिद्ध दीपस्तंभ १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र १,५०० फुटांवर होता. शंभर वर्षांत तो १२० फुटांवर आला. शेवटी १९९९ मध्ये सबंध विटांचा मनोरा रुळांवर चढवून २,९०० फूट मागे नेला. चालत्या बेटावर दीपस्तंभालाही चालावं लागलं.

* * *

एवढ्यावर थांबलं तर वाटेल, समुद्र करता-करविता आणि झाडं नुसती त्याच्या मागे धावणारी. गॉडफ्रींनाच याच्या उलट खूण दिसली होती. उत्तरेला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर दुसऱ्या जातीचं गवत आहे. ते खोल गाडलं गेलं तर तितक्या सहज वर येत नाही, पण लाटांनी किनाऱ्याला लावलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेत त्याचे तुकडे रुजतात आणि वाळू धरून उंच टेकड्या रचतात. गवत बदललं की बेटाची चालही बदलते.

याचा पुढचा अंक व्हर्जिनिया राज्यातल्या हॉग आयलंडवर घडला. त्या बेटावर ब्रॉडवॉटर नावाचं गाव होतं. घरं, शाळा, चर्च, भोवती रान. समुद्र जवळ येत होताच. १९३३ च्या वादळानंतर लोकांनी धीर सोडला. कित्येकांनी घरं तराफ्यांवर चढवून खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नेली. आज त्या गावाची जागा समुद्रात आहे. बेटाचं एक टोक झिजत असताना दुसरं मात्र वाढत होतं. वाढत्या टोकाला समुद्र एकामागून एक वरंबे टाकत गेला आणि दोन वरंब्यांमधल्या सखल जागी, जिथं गोड्या पाण्याचं भिंग पुरेसं जाड झालं आणि पुढच्या वरंब्यानं खारे तुषार अडवले, तिथं झुडपांची जाळी उगवली. समुद्राजवळची कोवळी, आतली म्हातारी. जुन्या हवाई छायाचित्रांशी ताडून पाहिलं की प्रत्येक जाळी कोणत्या काळच्या किनाऱ्यामागे जन्मली ते सांगता येतं. काउल्सची वही पुन्हा उघडली, या वेळी खाऱ्या पाण्याकाठी.

१९८७ पासून तिथं दीर्घकालीन संशोधन चालू आहे. त्यात गेल्या काही दशकांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. बेटांचं क्षेत्र कमी होत असतानाच त्यांच्यावरची झुडपं मात्र वाढत होती. हिवाळ्यातला जीवघेणा कडाका कमी झाल्यामुळे एका मेणफळाच्या झुडपाला रान मोकळं मिळालं. ज्युली झिनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही दाट जाळी वादळात येणारी वाळू अडवते. म्हणजे भिंतीचं काम झुडपंच करू लागली. बेट मागे सरायचं थांबतं, चिंचोळं होतं, आणि मग एखाद्या वादळात एकदम जातं. कुंपण माणसानं घालावं लागतंच असं नाही.

समुद्र की वेल, या माझ्या प्रश्नाचं उत्तर या तीन बेटांनी दिलं. किनारा झाडांना जागा नेमून देतो, झाडं वाळूला थांबायला जागा देतात, आणि त्या वाळूवर पुढचा किनारा ठरतो. हा संवाद चालू आहे तोवर बेट आहे.

* * *

कोकणात हटेरससारखी बेटांची माळ नाही. आपला किनारा कातळाचा; दोन डोंगरनाकांच्या मध्ये पुळण आणि नदीमुखाशी वाळूचे दांडे. पण मालवणजवळचं देवबाग बघा: एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्याला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बेट नसलं तरी चाल तीच. तिथं समुद्रावरून आत चाललं की मर्यादवेल, पुढे वाळूचं गवत, मग केवडा, उंडी, माड आणि शेवटी खाडीकाठचा तिवर, असा पाव-अर्ध्या तासात सबंध धडा वाचून होतो.

या धड्यातली पहिली दोन पानं आपण पुष्कळ ठिकाणी फाडली आहेत. समुद्राकडच्या वाळूवर सुरूच्या रांगा लावल्या. झाड परदेशी, भराभर वाढणारं, वारा अडवतं, सरपण देतं, पण त्याच्या सुयांच्या गादीखाली मर्यादवेलीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सुरूपुढे धूपप्रतिबंधक बंधारा आला की वेल संपलीच. बंधाऱ्यामागच्या घराला तो हवा असतो, आणि त्या घरात राहणाऱ्याला मी पळस्प्याहून शहाणपण शिकवणार नाही. पण बंधाऱ्यापुढची पुळण बारीक का होते, हे त्यालाही दिसतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी झोपल्या, कितीतरी सुरू मुळांच्या थाळ्यांसकट उताणे पडले. आत्याच्या वाडीत पुढच्या रांगेचे माड गेले आणि उधाणानं कुंपणाच्या आत वाळू आणून टाकली. पावसाळा संपल्यावर मी गेलो, तर त्या वाळूच्या ढिगातून दुभंगलेली हिरवी पानं वर आलेली. मी हात घालून उकरलं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा खालची जुनी वेल लागली, आणि कोंब तिलाच जोडलेला होता. गॉडफ्रींचं कोअर बँक्स मला आत्याच्या परसात सापडलं.

आमच्या पळस्प्याच्या अंगालाही हा खेळ आहे, फक्त वाळूऐवजी चिखलात. पनवेल हे एके काळी गलबतांचं बंदर होतं. खाडी गाळानं भरत गेली आणि गाळावर तिवर चालत आला. तिवर आपल्या श्वासमुळांत आणखी गाळ धरतो, जमीन वर येते, मग दुसऱ्या झाडांना जागा होते. मुंबई आणि साष्टीच्या खारफुटीतला हा क्रम बी. एस. नवलकर यांनी १९५१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता. म्हणजे फाट्यावरच्या माणसाची ती श्रद्धा फाट्यापासून काही मैलांवरच खोटी ठरत होती. मला फक्त दिसत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आत्यानं नारळाची सहा रोपं आणली. खड्डे कुठं घ्यायचे विचारलं, तर ती समुद्राकडच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे गेलीच नाही. वाडी ओलांडून थेट मागे, खाडीच्या बाजूला घेऊन गेली.

“पुढची रांग रिकामीच ठेवायची?”

“रिकामी कुठं आहे?” ती म्हणाली. “तिथं वेल आहे ना.”

पहिला खड्डा मी खणला. कमरेइतका खाली गेल्यावर ओल लागली. आत्यानं ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि मान डोलावली. गोडं होतं.